बेंचवरची किडनी: बसवण्याआधी रक्तवाहिन्या कशा दुरुस्त करतात?

टाकेवाला

अवयवदानाच्या जुन्या धाग्यावर एक प्रश्न आला होता: दात्याच्या शरीरातून काढताना किडनीची नस फाटली, किंवा मुळातच ती खराब निघाली, तर किडनी फेकून देतात का? उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा. प्रत्यारोपणाच्या टीममध्ये माझं काम टाके घालायचं. औषधं, क्रॉसमॅच (दाता आणि घेणारा यांच्या रक्ताची जुळणी), रिजेक्शन (शरीराने परका अवयव नाकारणं) यावर इथली नेफ्रॉलॉजीची मंडळी बोलतीलच. मी रक्तवाहिन्यांपुरतं बोलतो.

बहुतेक वेळा दुरुस्ती होते. किडनी दात्याकडून निघाली आणि घेणाऱ्याच्या पोटात अजून गेलेली नाही, एवढ्या मधल्या काळात ती बाजूच्या टेबलावर, बर्फाच्या चुऱ्याने भरलेल्या भांड्यात असते. या टेबलाला आम्ही बॅक टेबल किंवा बेंच म्हणतो आणि तिथल्या कामाला बेंच सर्जरी. रक्तस्राव नाही, श्वासाबरोबर हलणारं पोट नाही, वर भिंग आणि हातात बारीक सुई. शरीरात जे काम करताना घाम फुटेल ते इथे निवांत करता येतं. निवांत म्हणजे घड्याळाकडे बघतच, पण चार अंश सेल्सिअसला पेशींची भूक पार मंदावलेली असते, त्यामुळे मिनिटांचा हिशोब तासांवर जातो. तीच किडनी गरम असेल आणि रक्त बंद असेल, तर अर्ध्या-पाऊण तासात काळजी सुरू होते.

आधी भोवतीची चरबी सोडवायची. त्यातही किडनीचं खालचं टोक, रक्तवाहिन्या शिरतात ती खाच आणि मूत्रवाहिनी यांच्यामधल्या त्रिकोणातल्या चरबीला हात लावायचा नाही, कारण मूत्रवाहिनीचा रक्तपुरवठा तिच्यातूनच जातो. मग शिरेच्या बारीक फांद्या बांधायच्या. मग धमनीत नळी घालून थंड द्रावण सोडायचं आणि बघत बसायचं. कुठून गळतंय ते दिसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किडनीचा रंग बदलतो. जांभळट किडनी धुतली गेली की फिकट पडते. एखादाच तुकडा तसाच गडद राहिला, तर त्या तुकड्याला वेगळी धमनी आहे आणि ती आपल्याला सापडलेली नाही, किंवा काढताना कापली गेली आहे. किडनीच्या धमन्या एकमेकींना मदत करत नाहीत. एकीचा पुरवठा थांबला तर तिच्या वाट्याचा भाग मरतो, शेजारची धावून येत नाही.

खराबी अनेक प्रकारची. मोठ्या वयाच्या दात्यात धमनीच्या तोंडाशी कॅल्शियमचे थर असतात. तेवढं तोंड कापून पुढच्या स्वच्छ भागाला जोड देतात. कधी धमनीला फुगा आलेला असतो, तो कापून कडा जुळवतात. शिरेची भिंत फार पातळ, ती ओढली गेली की फाटते, पण शिवताही पटकन येते. फक्त शिवताना अरुंद करायची नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाहेरून न दिसणाऱ्या इजेची. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. किडनी काढताना धमनी जरा जास्त ताणली गेली, तर बाहेरचा थर तग धरतो आणि आतलं अस्तर, इंटिमा, आडवं चिरतं. वरून धमनी अगदी धडधाकट. पण रक्त सुरू झालं की ते त्या चिरेत शिरतं आणि पोपडा धरलेल्या भिंतीत पाणी मुरावं तसं अस्तर सोडवत पुढे जातं. सुटलेला पापुद्रा वाट अडवतो, गुठळी होते आणि काही तासांत सगळी किडनी जाते. म्हणून बेंचवर धमनीचं तोंड उघडून भिंगाखाली आत डोकवायचंच. चीर दिसली तर तेवढा भाग कापून टाकायचा. लांबी कमी पडत असेल तर दात्याच्याच दुसऱ्या धमनीचा तुकडा जोडायचा.

प्रश्न असतील तर विचारा.

गप्पिष्ट

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसायचा धागा नाही, पण बसलोय.

मुक्ता_७

डॉक्टर, माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत आणि प्रतीक्षा यादीत आहेत. धागा एका दमात वाचला. थोडं घाबरतच विचारते: उद्या फोन आला आणि त्यांनी सांगितलं की "किडनी आहे, पण धमनीची दुरुस्ती करावी लागेल", तर हो म्हणायचं का? दुरुस्त केलेली म्हणजे दुय्यम दर्जाची असं मनात येतंच.

टाकेवाला

मुक्ताताई, मनात येणं साहजिक आहे. पण दर्जा दोन गोष्टींचा असतो, किडनीचा आणि नळीचा. त्या वेगळ्या ठेवा. तरुण, निरोगी दात्याची किडनी काढताना एखादी छोटी धमनी कापली गेली, तर किडनी उत्तमच आहे. दुरुस्ती नीट झाली की विषय संपला. उलट धमनी सुरेख, पण दात्याला कित्येक वर्षं मधुमेह आणि रक्तदाब, आतल्या गाळण्या झिजलेल्या, अशी किडनी कागदावर "विनादुरुस्ती" असते आणि कमी टिकते.

फोन आला तर हे विचारा: इजा कुठे आहे, मुख्य धमनीला की फांदीला? तपासून पाहिलंय का? आणि दुरुस्तीसकट किडनी किती तास थंड राहणार? ही उत्तरं सरळ मिळाली तर केवळ "दुरुस्ती" या शब्दाने नाही म्हणू नका.

एक_किडनीवाला

मी दाता आहे. भावाला दिली. माझ्या सीटी अँजिओत डाव्या किडनीला दोन धमन्या निघाल्या आणि तरीही डावीच घेतली. मला तेव्हा वाटलं होतं, एक धमनी असलेली उजवी सोडून दोनवाली का घेतात? कुणी नीट सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता विचारतो.

टाकेवाला

शिरेमुळे. डाव्या किडनीच्या शिरेला महाधमनी ओलांडून पलीकडे जावं लागतं, त्यामुळे ती चांगली लांब असते. उजवीची शीर मोठ्या शिरेला लगेच मिळते, म्हणून आखूड आणि वर पातळ. मेंदूमृत दात्याकडून उजवी किडनी घेताना तिच्यासोबत त्या मोठ्या शिरेचा तुकडाही घेता येतो आणि बेंचवर तो शिवून शीर लांब करता येते. तुमच्यासारख्या जिवंत दात्याच्या मोठ्या शिरेला किंवा महाधमनीला कुणी हात लावणार नाही. तुम्हाला घरी चालत जायचं असतं. त्यामुळे आखूड शीर की दोन धमन्या अशी निवड आली, तर बरेच सर्जन दोन धमन्या पत्करतात. अर्थात दोन्ही किडन्यांच्या कामात मोठा फरक असेल, तर चांगली किडनी दात्याकडेच राहते. तो नियम सगळ्यांच्या वर.

दोन धमन्या असणं हे काही अप्रूप नाही. साधारण चारांत एका माणसाला निदान एका बाजूला एकाहून अधिक धमन्या असतात.

त्यांचं काय करतात? दोन्ही सारख्या जाडीच्या आणि जवळजवळ असतील, तर त्यांची टोकं थोडी चिरून, एकमेकींना शिवून एकच तोंड करतात. पायजम्याचे दोन पाय कमरेशी एक होतात तसा आकार होतो, आणि इंग्रजीतही त्याला पँटलून म्हणतात. एक जाड, एक बारीक असेल तर बारकीला जाडीच्या कुशीत जोडतात. हे सगळं बर्फात झालं की घेणाऱ्याच्या शरीरात एकच जोड द्यायचा उरतो. गरम वेळ वाचतो, आणि बेंचवरच्या कष्टाचं खरं कारण तेच.

बारकी धमनी वरच्या टोकाची असेल, दोन मिलिमीटरहून लहान असेल आणि अगदी थोड्या भागाला रक्त देत असेल तर ती बांधून टाकली तरी चालतं. खालच्या टोकाची मात्र कितीही बारीक असो, वाचवायची. तिच्यातून मूत्रवाहिनीला रक्त जातं. ती गेली तर किडनी उत्तम चालेल, पण काही दिवसांनी मूत्रवाहिनी सडून लघवी पोटात गळेल. जोडायला काहीच मिळालं नाही तर घेणाऱ्याच्या पोटाच्या स्नायूमागून जाणारी एपिगॅस्ट्रिक धमनी सोडवून तिला जोडतात.

एक_किडनीवाला

आता कळलं. धन्यवाद. भावाला ही लिंक पाठवतो. त्याच्या पोटात माझा पायजमा आहे म्हणून सांगतो.

जलप्रवाह

मेकॅनिकलवाला आहे, चुकलं तर हाणा. किडन्यांना हृदयाच्या एकूण प्रवाहाचा पाचवा हिस्सा जातो असं वाचलंय. म्हणजे मिनिटाला लिटरभर, एकीला अर्धा लिटर. पाच-सहा मिलिमीटरच्या नळीतून हे फार आहे. अशा नळीत जोडाच्या जागी अगदी छोटी पायरी राहिली तरी प्रवाह फाटणार, मागे भोवरे होणार. गुठळी तिथेच धरते ना? आणि गोल नळी सतत टाक्याने शिवली तर दोरा ओढल्यावर पिशवीच्या नाडीसारखी आवळली जात नाही का?

टाकेवाला

जलप्रवाह, दोन्ही नेमके प्रश्न.

पायरीबद्दल: म्हणूनच धमनीचं टोक सरळ न कापता तिरकं कापतात किंवा थोडं चिरून पसरवतात. तोंड मोठं होतं आणि जोड एका कड्यात न येता तिरपा पसरतो. मेंदूमृत दात्यात याहून सोपं: धमनी जिथून निघते तिथला महाधमनीचा छोटा गोल तुकडा तिच्यासोबतच कापून आणतात आणि तो तुकडाच घेणाऱ्याच्या धमनीला शिवतात. मग टाका किडनीच्या धमनीला लागतच नाही. याला कॅरेल पॅच म्हणतात.

आवळण्याबद्दल: अगदी बरोबर, आणि ही खरी अडचण आहे. यकृताचे प्रत्यारोपण करणारे थॉमस स्टार्झल यांनी १९८४ मध्ये यावर एक साधी युक्ती छापली. पॉलिप्रोपिलिनचा दोरा गुळगुळीत असतो, ऊतीतून सरकतो. शेवटची गाठ भिंतीला टेकवून न बांधता मुद्दाम थोडी हवेत, अंतर सोडून बांधायची. क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) काढला की रक्ताच्या दाबाने जोड फुलतो आणि सुटा ठेवलेला दोरा सरकून आत जातो. बघणाऱ्याला गाठ सैल राहिल्यासारखी वाटते. दोन मिनिटांत ती भिंतीला चिकटलेली दिसते.

अजून एक गोष्ट, जी शिकाऊ डॉक्टरांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. सुई खराब भिंतीतून नेहमी आतून बाहेर काढायची. बाहेरून आत घातली, तर सुईचं टोक आधीच कमकुवत असलेलं अस्तर आत ढकलतं आणि पापुद्रा तिथेच सुटतो. आतून बाहेर आली की अस्तर भिंतीला दाबून शिवलं जातं. म्हणून दुरुस्तीची धमनी आणि निरोगी धमनी जोडताना सुईची दिशा ठरलेली: निरोगी बाजूला बाहेरून आत, खराब बाजूला आतून बाहेर. दोरा सहा-शून्य, सात-शून्य (आकडा वाढेल तसा दोरा बारीक). फार बारीक धमनी असली तर आठ-शून्य.

इतिहासवेडा

कॅरेलचं नाव निघालंच आहे तर राहवत नाही.

१८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लिऑं शहरात भोसकलं. यकृताला जाणारी मोठी शीर कापली गेली होती. तेव्हा कापलेली मोठी रक्तवाहिनी शिवायची खात्रीशीर रीत नव्हती, आणि अध्यक्ष गेले. अलेक्सिस कॅरेल तेव्हा त्याच शहरात विशीतला शिकाऊ डॉक्टर. ही शीर शिवता यायला हवी होती, हे त्याच्या डोक्यात बसलं. लिऑं रेशमाचं गाव. तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून तो बारीक सुई आणि रेशमी दोरा चालवायला शिकला असं सांगतात. १९०२ मध्ये त्याने रीत प्रसिद्ध केली: कापलेल्या गोल तोंडाला समान अंतरावर तीन टाके घालून ओढायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो. मग एकेक बाजू सरळ रेषेत शिवायची. समोरची भिंत चुकून टाक्यात सापडत नाही. दोऱ्याला व्हॅसलीन, जेणेकरून भिंत कमी फाटेल आणि रक्त कमी चिकटेल. १९१२ चं नोबेल मिळालं.

त्याने कुत्र्यांच्या किडन्याही बदलून पाहिल्या. त्याच कुत्र्याची किडनी काढून त्यालाच बसवली तर चालायची, दुसऱ्याची बसवली तर काही दिवसांत बंद. जोड तर दोन्हीकडे सारखेच. टाका चुकलेला नाही, शरीरच परकं ओळखतंय, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. ते कोडं सुटायला अर्धं शतक गेलं. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाची किडनी दुसऱ्याला यशस्वीपणे बसवली, कारण अशा जुळ्यांमध्ये परकेपणाचा प्रश्नच नव्हता.

(माणूस म्हणून कॅरेल पुढे वंशशुद्धीच्या भलत्याच नादाला लागला. हात सोन्याचे, विचार नासके.)

गप्पिष्ट

इतिहासवेडांना दंडवत. धागा वाचनखुणांत टाकला.

नेफ्रॉन

टाकेवाले सरांशी सहमत, पण धाग्यात आतापर्यंत सुईने शिवता येणाऱ्या वाहिन्यांबद्दलच चर्चा झाली आहे. माझ्या मते किडनीचं भवितव्य जास्त करून सुई पोचत नाही तिथे ठरतं.

एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ. या सगळ्या वाहिन्यांच्या आतून एका पेशीचं अस्तर असतं, एंडोथेलियम, आणि त्यावर साखरेच्या साखळ्यांचा मऊ थर, ग्लायकोकॅलिक्स. हा थर शाबूत असेल तर रक्त अंगाला लागत नाही, गुठळी होत नाही. दाता मेंदूमृत होतो त्या काळातल्या उलथापालथीने, मग रक्त थांबल्याने आणि मग तासन्‌तास थंडीत राहिल्याने हा थर गळून पडतो. क्लॅम्प काढून रक्त सुरू केलं की त्या उघड्या पेशींवर पांढऱ्या पेशी आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली हल्ला करणारी प्रथिनं) तुटून पडतात. बाहेरचा जोड कितीही सुंदर असला तरी किडनी आठवडाभर झोपून राहते आणि रुग्णाला तोवर डायलिसिस लागतं.

याची दुरुस्ती बसवण्याआधी करायची तर किडनीतून काहीतरी फिरवत ठेवायला हवं. फोल्कर्ट बेल्झर यांनी १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत पंपावर किडनी ठेवायचं यंत्र उभं केलं. नंतर स्वस्त आणि सोपी म्हणून बर्फाची पेटी जिंकली. २००९ मध्ये युरोपातून आलेल्या अभ्यासाने पंप परत चर्चेत आणला: ३३६ दाते, प्रत्येकाची एक किडनी थंड पंपावर, दुसरी बर्फात. पंपावरच्या किडन्यांमध्ये उशिरा जागं होण्याचं प्रमाण २०.८ टक्के, बर्फातल्यांमध्ये २६.५ टक्के. वर्षानंतर चालू असलेल्या किडन्या ९४ विरुद्ध ९० टक्के. एकाच दात्याच्या दोन किडन्या असल्यामुळे "दाताच चांगला होता" ही पळवाट इथे नाही.

शुभ्रा

मी परफ्युजनचं काम करते, म्हणजे नेफ्रॉन म्हणताहेत त्या पंपाशेजारी रात्री जागणारी. एक व्यवहारातली भर घालते.

पंपावर किडनी ठेवली की सुरुवातीला प्रवाह कमी आणि विरोध जास्त असतो, कारण आतल्या वाहिन्या आकसलेल्या असतात. तास-दोन तासांत विरोध उतरत जातो. आकडा हळूहळू खाली येताना पाहिला की हायसं वाटतं. पण तो अडकून बसला तर आधी किडनीला दोष देऊ नये, आधी धमनीकडे बघावं. पिळ पडलाय का, नळीचं टोक एखाद्या फांदीतच शिरलंय का, बारकी धमनी बाहेरच राहिली का? आकडा चांगला नाही एवढ्यावर किडनी नाकारू नये, असं माझं ठाम मत आहे. विरोधाच्या आकड्यावरून भविष्य फार ढोबळच सांगता येतं.

आणि टाकेवाले, एक तक्रार: बेंचवर दुरुस्ती आधी करून मग पंपावर पाठवा ना! धमनीला भोक राहिलेली किडनी पंपावर आली की द्रावण बाहेरच गळतं आणि आम्ही पुसत बसतो.

टाकेवाला

शुभ्राताई, तक्रार मान्य, आणि तुमचं बरोबर आहे. पंपावर जायचं असेल तर दुरुस्ती आधीच झालेली बरी. एक फायदाही होतो: पंपाच्या दाबावर जोड गळतो का ते घेणाऱ्याच्या पोटात जाण्याआधीच कळतं.

जलप्रवाह

नेफ्रॉन, थंड पंप कळला. पण ते झालं फक्त "अजून बिघडू न देणं". बिघडलेलं अस्तर दुरुस्त करायचा काही मार्ग आहे का? थंडीत पेशी काम करत नसतील तर दुरुस्ती तरी कोण करणार?

नेफ्रॉन

नेमकं तिथेच गरम पंप येतो. किडनीला ३७ अंशांच्या आसपास, तांबड्या पेशी मिसळलेलं, ऑक्सिजनयुक्त द्रावण द्यायचं. पेशी जाग्या होतात, लघवीही बनते. लेस्टर आणि नंतर केंब्रिजच्या गटाने हे माणसांत आणलं. पहिल्या रुग्णाचा अहवाल २०११ चा. अवयव जागा असल्यामुळे त्याला बाहेरच्या बाहेर औषध देता येतं, आणि रुग्णाला त्या औषधाची झळ लागत नाही.

यातलं मला सर्वांत पटलेलं काम गुठळ्यांचं आहे. नाकारलेल्या किडन्या केंब्रिज आणि येलच्या गटांनी गरम पंपावर ठेवून पाहिल्या, तर बारीक वाहिन्यांत फायब्रिन (गुठळीचे धागे) आणि तांबड्या पेशींचे बुच अडकलेले. मोठ्या धमनीत प्रवाह छान, पण कित्येक गाळण्यांपर्यंत काहीच पोचत नाही. सरळ उपाय म्हणजे हार्ट अटॅकमध्ये देतात ते गुठळी विरघळवणारं टीपीए. पण टीपीए स्वतः गुठळी खात नाही. ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनला जागं करतं आणि ते गुठळी विरघळवतं. पंपातल्या धुतलेल्या तांबड्या पेशींमध्ये प्लाझ्मा नाही, म्हणजे प्लाझ्मिनोजेनही नाही! म्हणून दोन्ही एकत्र घातली आणि बुच सुटले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

दुसरी दिशा म्हणजे सोललेल्या अस्तरावर लेप. स्वीडनमध्ये उप्सालाच्या गटाने हेपॅरिनचे बरेच रेणू एका साखळीवर बांधून थंड पंपातून डुकरांच्या किडन्यांत सोडले. ते उघड्या पडलेल्या जागी चिकटतात आणि गेलेल्या थराचं काम तात्पुरतं करतात. नंतरची सुरुवातीची इजा कमी झाली. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात उंदरांमध्ये रक्तवाहिनीच्या आतून असाच पॉलिमर एन्झाइमच्या मदतीने चिकटवून रिजेक्शनसुद्धा कमी झालेलं दाखवलं, तेही २०२१ चंच.

मुक्ता_७

म्हणजे लवकरच सगळ्या किडन्या अशा ताज्यातवान्या करून मिळतील?

नेफ्रॉन

मुक्ताताई, तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. गरम पंपाची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, निकाल २०२३ मध्ये आला. हृदय बंद पडल्यावर दान झालेल्या किडन्या, निम्म्या बसवण्याआधी तासभर गरम पंपावर, निम्म्या फक्त बर्फात. उशिरा जागं होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पंप सुरक्षित ठरला, फायदा दिसला नाही. माझं म्हणणं असं की नुसता तासभर गरम ठेवण्यात जादू नसावी; त्या तासात दुरुस्तीचं औषध काय देता यावर पुढचा डाव आहे. पण हा माझा कयास, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. तुमच्या मिस्टरांना फोन येईल तेव्हा सगळ्यात उपयोगाची गोष्ट असेल लवकर पोचणं. थंड वेळेतला प्रत्येक वाचलेला तास त्या अस्तराच्या कामी येतो.

एक दिलासाही देतो. डोक्याला मार लागून गेलेल्या दात्यांच्या बायोप्सीत कधीकधी गाळण्यांमध्ये गुठळ्या दिसतात आणि सगळे दचकतात. बाकी किडनी चांगली असेल तर अशा बऱ्याच किडन्या बसवल्यावर छान चालतात. घेणाऱ्याचं रक्तच त्या गुठळ्या साफ करतं.

उपरा

या सगळ्या शिवणकामापेक्षा डुकराची नवी कोरी किडनी घ्यावी की! २०२४ मध्ये बॉस्टनला जिवंत माणसाला बसवली ना?

टाकेवाला

उपरा, बसवली, मार्च २०२४. पण तिची धमनीसुद्धा कुणीतरी शिवलीच. डुकरांसाठी वेगळा धागा काढा, येतो तिथे.

एक_किडनीवाला

शेवटचा प्रश्न, माझ्यासाठी नाही, भावासाठी. बेंचवर दोन धमन्या एकत्र केल्या, तर पुढे ती जागा आवळत नाही ना? त्याचा रक्तदाब हल्ली वर असतो.

टाकेवाला

आवळू शकते, आणि हे तुम्ही इथे विचारण्यापेक्षा त्याने आपल्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारावं. जोडापाशी धमनी अरुंद होणं बहुधा तीन महिने ते दोन वर्षांच्या काळात दिसतं. लक्षणं दोन: औषधं वाढवूनही न ऐकणारा रक्तदाब, आणि कारण नसताना चढणारं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक), विशेषतः एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटाची रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर. साध्या डॉपलर सोनोग्राफीत पहिला अंदाज येतो. अरुंद जागेत रक्ताचा वेग वाढतो; सेकंदाला दोन ते अडीच मीटरच्या वर गेला की पुढची अँजिओग्राफी करतात. तशी जागा सापडली तर बहुतेकदा मांडीतून किंवा हातातून नळी घालून फुग्याने रुंद करतात, गरजेप्रमाणे स्टेंट. पोट उघडावं लागणं क्वचित.

रक्तदाबाला प्रत्यारोपणानंतर इतरही कारणं असतात; टॅक्रोलिमस (रिजेक्शन रोखणारं औषध), स्टिरॉइड, वाढलेलं वजन. त्यामुळे लगेच धमनीवर खापर फोडू नका. पण डॉपलरला सुई टोचायची नसते. करून घ्या, आणि सोनोग्राफी करणाऱ्याला आधीच सांगा की दोन धमन्या एकत्र शिवल्या आहेत. ऑपरेशनच्या नोंदीची प्रत सोबत न्या. दोन्ही फांद्या वेगवेगळ्या शोधाव्या लागतात. एक सापडली की हात थांबतो आणि अरुंद झालेली दुसरीच निघते.

एक_किडनीवाला

फोन केला त्याला. नोंदीची फाईल माझ्याच कपाटात आहे, उद्या घेऊन जातो.